हेडीसाठी, पहिल्या सकाळी

१२ सप्टेंबर

प्रिय टाउनो,

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. तुझ्या फोनवर माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, म्हणून हा कागद. मॉन्टानापर्यंत टपाल जायला किती दिवस लागतात कुणास ठाऊक. तुमच्या त्या पोस्टातल्या बाईंना नमस्कार सांग, त्या तरी माझं अक्षर वाचतील.

इथे सगळं ठीक आहे. सफरचंदं उदंड आली आणि अर्धी अस्वलाने खाल्ली. सौनाची चिमणी मी स्वतः साफ केली, कारण डेन्झिलला सध्या शिडीवर चढायला मनाई आहे. लाकडं फोडताना ढलपी उडाली आणि त्याच्या उजव्या डोळ्याला लागली. फार काही नाही, पट्टी आहे. गाडी मी चालवते आणि तो शेजारी बसून प्रत्येक वळणावर पाय दाबतो, जणू ब्रेक त्याच्याच बाजूला आहे. दोन दिवसांपूर्वी म्हणाला, "इर्मा, एका डोळ्यानेसुद्धा मी तुझ्यापेक्षा बरी चालवीन." म्हणजे तब्येत सुधारते आहे.

आता कामाचं. बंदूक क्लबातल्या लोकांना बाबांची आठवण म्हणून एक काचेचं कपाट करायचं आहे. त्यात त्यांनी हाताने भरलेली काडतुसं मांडायची, डब्यांसकट. त्यासाठी मी सगळीकडून त्यांच्या डब्या गोळा करते आहे. अंत्यविधीनंतर तू जी नेलीस, हेडीसाठी ठेवलेली, तीसुद्धा त्यात असावी अशी सगळ्यांची इच्छा आहे. काडतुसं टपालाने पाठवता येत नाहीत हे मला माहीत आहे, तेव्हा तू पाठवायच्या भानगडीत पडू नकोस. कोणी तिकडे येणारं असेल तर मी निरोप देईन. तोवर ती जशी आहे तशी राहू दे. उघडू नकोस. हेडीला तिच्या पहिल्या हरणासाठी दुकानातली चांगली काडतुसं घे, पैसे मी देते, आत्याकडून भेट समज.

बाकी मी गॅरेजमध्ये बाबांच्या कामाच्या बाकाशी बसून त्यांची जुनी काडतुसं उकलते आहे. पितळी नळकांडी कुणाच्या तरी उपयोगी पडतील. वेळही जातो.

हेडीला माझा पापा.

इर्मा


२६ सप्टेंबर

टाउनो,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर म्हणायचं ते तुझ्या समाधानासाठी. "डबी हेडीची आहे. पंचवीस ऑक्टोबरला हंगाम उघडेल तेव्हा उघडेल. बाबांना काचेच्या कपाटात बसवायची घाई तुला ते जिवंत होते तेव्हापासूनच होती." तीन वाक्यं. बाबांवर गेलास. तेही पत्रात शब्द असे मोजूनमापून टाकायचे की जणू प्रत्येकाला टपालखर्च वेगळा.

बरं, कपाट नाही. क्लबाने काही मागितलेलं नाही. ते मी रचलं, कारण खरं कारण सांगितलं असतं तर तू पहिल्या ओळीलाच कागद चुरगळला असतास. आता चुरगळायचा तर चुरगळ, पण वाचून झाल्यावर.

मला बाबांच्या शेवटच्या वर्षातल्या काडतुसांची भीती वाटते.

झालं लिहून. तू आता म्हणशील, आली परत मूळ पदावर. अंत्यविधीच्या जेवणात, कॉफीचा कप हातात घेऊन, सगळ्या नातेवाइकांसमोर तू म्हणालास की इर्माने बाबांना जिवंतपणी म्हातारं केलं, त्यांची गाडी काढून घेतली, त्यांना शेगडी पेटवू दिली नाही. नाताळात तू चार दिवस आला होतास. त्या चार दिवसांत ते पत्त्यांत तुला हरवत होते, जुन्या खाणीतल्या गोष्टी सांगत होते, टाय बांधून चर्चला आले. तू गेल्यावर ते दोन दिवस झोपून होते हे तुला मी तेव्हा सांगितलं नाही. पाहुण्यांसाठी ठेवणीतले कपडे काढावेत तसे त्यांनी ते चार दिवस काढले होते. पण हे मी आता भांडायला लिहीत नाही.

हेडीची ती डबी मी बघितली आहे. कागदाच्या चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद, वर त्यांचं अक्षर: हेडीसाठी, पहिल्या सकाळी. तुझी तशीच होती. तू बारा वर्षांचा झालास त्या वर्षी शिकारीच्या कॅम्पवर, सगळ्या बाप्यांसमोर, टेबलावर ठेवून बाबांनी तुला चाकू दिला होता पट्टी कापायला. आधी उघडायची नाही, आत डोकवायचं नाही, वडिलांनीसुद्धा नाही. मी दाराशी उभी राहून ताटं पुसत होते. मुलींना डबी नसायची. हेडी आपल्या घराण्यातली पहिली मुलगी जिला ती मिळाली, आणि तिच्याकडून ती काढून घ्यायला आत्याच निघाली आहे, हे मलाही दिसतं.

आता मी काय करते ते सांगते, म्हणजे तुला कळेल की हे खूळ नाही. बाबांचा तो हिरवा पोकळ हातोडा आठवतो का? काडतूस त्यात उलटं अडकवायचं, झाकण फिरवायचं आणि लाकडाच्या ठोकळ्यावर हातोडा आपटायचा. दोन-तीन ठोक्यांत गोळी सुटते आणि दारूसकट हातोड्याच्या पोटात पडते. मग ती पांढऱ्या बशीत ओतायची आणि बघायची. डोळ्यांवर जाड चष्मा. गॅरेजमधली शेगडी बंद, रेडिओसुद्धा बंद. एका वेळी एकच. बशी रिकामी झाल्याशिवाय दुसरं हातात घ्यायचं नाही. हे सगळं त्यांनीच शिकवलं, मी आठ वर्षांची असताना, बाकाखाली बसून मी त्यांची नळकांडी निवडायचे तेव्हा. डबी मुलींना नव्हती पण काम होतं.

हातोडा आपटताना काही होत नाही हे मला माहीत आहे. तरी प्रत्येक वेळी माझे खांदे कानांपर्यंत जातात. काही जुनी काडतुसं इतकी घट्ट धरून बसली आहेत की दहा-दहा ठोके लागतात, आणि प्रत्येक ठोक्याला मी मनात आईला हाक मारते. डेन्झिल खिडकीतून बघतो आणि म्हणतो, "तुला बघून कळत नाही, खिळा ठोकतेस की देवाची प्रार्थना करतेस."

आतापर्यंत जे उकललं ते सगळं नीट निघालं. जुन्या डब्यांत तीच काळी दारू, बारीक काड्या, शेवयांचा चुरा असावा तशी. वजन केलं तर काटा केसभरही इकडेतिकडे होत नाही. बाबा बाबाच होते. आणि मला त्याचा आनंद व्हावा की नाही तेच कळत नाही. नीट निघालेलं प्रत्येक काडतूस तुझ्या बाजूने साक्ष देतं. सगळी नीट निघाली तर मी त्यांची गाडी उगाच काढून घेतली. एखादं वाईट निघालं तर. या दोन्हींची मला भीती वाटते आणि मी रोज सकाळी जाऊन त्या बाकाशी बसते.

शेवटच्या हिवाळ्यातल्या डब्या अजून शिल्लक आहेत. त्या मी मुद्दाम मागे ठेवल्या आहेत.

तू उघडू नकोस. मी विनवते आहे.

इर्मा

डेन्झिलच्या पट्टीबद्दल तू विचारलं नाहीस. ठीक आहे तो.


६ ऑक्टोबर

टाउनो,

हे पत्र मी टेबलावर डेन्झिलसमोर बसून लिहिते आहे, कारण यातलं निम्मं लिहायला त्याची परवानगी लागली आणि ती मिळायला तीन दिवस गेले. तो म्हणत होता, "तुझ्या बापाचं, वायनोचं नाव खराब करू नकोस. मेलेल्या माणसाला उलट उत्तर देता येत नाही." शेवटी मी म्हटलं, हेडीला एकच चेहरा आहे. तेव्हा तो म्हणाला, "लिही."

लाकडाची ढलपी नव्हती.

ऑगस्टच्या अखेरीस डेन्झिल हंगामाआधी बंदुकीचा नेम बघायला घरामागच्या खडीच्या खड्ड्यात गेला होता. बाबांनी शेवटच्या हिवाळ्यात त्याला भरून दिलेली डबी सोबत. मी स्वयंपाकघरात मांस भरलेल्या पास्टीचं पीठ मळत होते. आवाज आला तो नेहमीचा नव्हता. बंदुकीचा आवाज कसा असतो हे मला जन्मापासून माहीत आहे, हा त्याहून आखूड आणि जड होता. मी हात न धुता धावले. तो उभाच होता. बंदुकीचा लाकडी दस्ता मधोमध उभा चिरला होता, खटका अडकून बसला होता आणि तो शांतपणे म्हणत होता, "इर्मा, माझ्या डोळ्यात काय गेलंय बघ." त्याच्या चेहऱ्याची उजवी बाजू कशी होती ते मी तुला सांगणार नाही. मी एप्रनने पुसायला गेले आणि पिठाचे हात होते माझे.

पहिलं काडतूस. डबीतलं पहिलंच.

डॉक्टरांनी दोनदा कापलं. आता त्या डोळ्याने त्याला उजेड आणि अंधार एवढं कळतं, आणि डॉक्टर म्हणतात तेवढंच कळत राहील. बंदुकीचं पोलाद जुनं आणि जाड होतं म्हणून तो आहे. हेडीची बंदूक कुठली आहे, टाउनो? हलकी असेल. पोरींना हलकी घेतात.

क्लबात त्याने सांगितलं की नळीत चिखल गेला होता आणि आपण बघितलं नाही. चाळीस वर्षं बंदूक वापरणाऱ्या माणसाने सगळ्यांसमोर सांगितलं की मी नळी न बघता बार काढला. ते हसले त्याला. "कॉर्निश माणूस, खाणीत जन्मला, भोक दिसलं की माती भरतो," असं काहीतरी. तोही हसला. हे त्याने बाबांसाठी केलं. तू त्याला कधी जवळचं मानलं नाहीस म्हणून मुद्दाम लिहिते.

आता दुसरं. त्याच्या डबीतली उरलेली मी काल उकलली. पहिलं बशीत ओतलं आणि मी उठून बाहेर गेले. काड्या नव्हत्याच. सगळ्या चपट्या, करड्या टिकल्या होत्या, भरड मिरपुडीसारख्या. ती पिस्तुलाची दारू, टाउनो. तुला सांगायला नको, पण लिहिते, म्हणजे तू कागदावर वाचशील: ती झपाट्याने जळते, पिस्तुलात चिमूटभर घालतात, आणि ती रायफलच्या नळकांड्यात रायफलच्या मापाने गळ्यापर्यंत भरलेली. पुढच्यात टिकल्या आणि काड्या एकत्र. त्याच्या पुढच्यातही तसंच, काड्या थोड्या जास्त.

मग मी रायफलच्या दारूचा डबा उघडला. वरचा थर संपला आहे, पण खाली कडेला दोन्ही मिसळलेल्या दिसतात. काय झालं ते मला समोर घडल्यासारखं कळलं. बाकावर एका वेळी एकच डबा, हा त्यांचा नियम. मापाच्या भांड्यात दारू ठेवून उठायचं नाही, उरलेली दारू लगेच तिच्या डब्यात परत ओतायची, हा दुसरा. त्यांनी कधी तरी पिस्तुलाची काडतुसं भरली, मापात दारू ठेवून ते उठले, जेवले असतील, झोपले असतील. परत आले तेव्हा समोर रायफलचा डबा होता. त्यांनी नियमाप्रमाणे उरलेली दारू डब्यात परत ओतली. नीट, न सांडता. त्यांनी नियम पाळला, फक्त डबा चुकला. आणि नंतर त्याच डब्यातून माप भरताना त्या टिकल्या त्यांना दिसल्या नाहीत. बाबांना. जे एक काडी कमी पडली तर परत तोलायचे.

हेडीची डबी त्याच हिवाळ्यातली आहे. डेन्झिलच्या डबीसारखीच, तीस-शून्य-सहा मापाची आहे. त्याच डब्यातून भरली की आधी, मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. पट्टीच्या आत काय आहे हे कुणालाच माहीत नाही, आणि पंचवीस तारखेला ती बारा वर्षांची पोर गाल दस्त्याला टेकवून डोळा मिटणार आहे.

मी चूक ठरले तर तू मला आयुष्यभर हस. मी हसू देईन.

इर्मा


१७ ऑक्टोबर
पोस्टकार्ड, पहिलं

टाउनो, माझं सहा तारखेचं पाकीट परत आलं. न फोडता, वर तुझ्या अक्षरात "नको". म्हणून हे पोस्टकार्ड. हे फोडावं लागत नाही. तुझ्याआधी ते पोस्टातल्या बाई वाचतील आणि मग दुकानातले सगळे वाचतील, हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच पाठवते आहे. बाई, तुम्ही वाचत असाल तर नमस्कार. वाचा, आणि मोठ्याने वाचा. माझे वडील वायनो हाउटाला यांनी शेवटच्या हिवाळ्यात भरलेल्या काडतुसांत चुकीची दारू आहे. एक माझ्या नवऱ्याच्या हातात फुटलं, त्याचा डोळा गेला. (दुसऱ्या कार्डावर पुढे)


१७ ऑक्टोबर
पोस्टकार्ड, दुसरं

तसल्याच काडतुसांची बंद डबी माझ्या भावाच्या घरी आहे, ओढ्यापलीकडे. पंचवीस तारखेला त्याची मुलगी हेडी त्यातलं पहिलं झाडणार आहे. तुमच्याकडच्या शेरीफच्या कचेरीत मी फोन केला. साहेब सज्जन होते, म्हणाले, स्वतःच्या घरात स्वतःची काडतुसं ठेवणं गुन्हा नाही, त्या बाजूला गेलो तर दार वाजवीन. ते कधी जाणार? बाई, मी तुम्हाला ओळखत नाही. आमच्या घरात वडिलांबद्दल असं उघड्यावर लिहायची रीत नाही. मी ते लिहिलं आहे. त्याच्या हातात द्या. तो घेत नसेल तर मुलीच्या हातात द्या.


१९ ऑक्टोबर
पोस्टकार्ड

टाउनो, आज काही नवीन नाही. फक्त मला झोप येत नाही. डेन्झिल म्हणाला गाडी काढू, दोघं जाऊ. दोन दिवसांचा रस्ता, एक डोळा आणि एक मी. बावीसपर्यंत तुझा फोन आला नाही तर आम्ही निघतो. तुझ्या दारात मी उभी राहिले तर तू काय करशील ते कर, डबी मी घेऊन जाईन. हेडी बघत असेल तरी घेऊन जाईन.


२७ ऑक्टोबर

प्रिय टाउनो,

फोनवर मला काही बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. तूही फारसं बोलला नाहीस. आपण दोघांनी मिळून निम्मा वेळ एकमेकांचा श्वास ऐकला आणि त्याचे पैसे कंपनीला दिले.

पोस्टातल्या बाईंना माझ्याकडून निसू पावाची एक लांब वेणी पाठवते आहे, भरपूर वेलदोडा घालून. पोस्ट बंद करून, स्वतःची गाडी काढून, ओढा ओलांडून तुझ्या ओट्यावर उभी राहून त्यांनी ती दोन्ही कार्डं तुला वाचून दाखवली. तू दार लावायला गेलास तर दारात पाय घातला, असं तू म्हणालास. अशी बाई मला बहीण म्हणून मिळाली असती तर माझं अर्धं आयुष्य सोपं गेलं असतं. तुझंही.

तू फोनवर सांगितलंस ते मी माझ्यासाठी पुन्हा लिहून काढते, कारण मला ते अजून नीट धरता येत नाही. बाई गेल्यावर तू हेडीला बोलावलंस. म्हणालास, डबी तिची, तेव्हा निर्णयही तिचा. तिने विचारलं, "आत्या खोटं बोलते का?" आणि तू म्हणालास, "नाही. ती भांडते, पण खोटं बोलत नाही." काचेच्या कपाटाचं तू तिला सांगितलं नाहीस, त्याबद्दल आभार. मग तिनेच पट्टी कापली, पंचवीस तारखेच्या आधी, स्वयंपाकघरात, पहिली सकाळ नसताना. आणि तू एक काडतूस उचलून बुडाकडून बघितलंस.

टोपीवर, बुडातल्या त्या ठिणगीच्या बटणावर, खड्डा होता. खटक्याने मारलेला, जुना, एकदा वापरून झालेला. दुसऱ्यावरही. सगळ्यांवर. मेलेल्या टोप्या. मग तू ठोकळ्यावर ठोकून एकेक गोळी काढलीस आणि आतून काहीही पडलं नाही. ना काड्या, ना टिकल्या. रिकामी. वीसच्या वीस. चकचकीत घासलेली, गोळ्या ओळीत सरळ बसवलेल्या, आणि आत काही नाही.

"आजोबांनी मला खोटी का दिली?" असं हेडीने विचारलं, म्हणून तू मला फोन केलास. त्याचं उत्तर मी आता देते. तू तिला वाचून दाखव किंवा दाखवू नकोस.

त्यांना कळलं होतं, टाउनो. त्या हिवाळ्यात कधीतरी, त्या बाकाशी बसून, त्यांना कळलं की आता आपल्या हातावर भरवसा ठेवता येत नाही. हेडीला नाही म्हणता येईना. मला सांगता येईना, कारण मी शेगडीसुद्धा काढून घेतली असती. तुला सांगता येईना, कारण तू विश्वास ठेवला नसतास. म्हणून त्यांनी नळकांडी घासली, जुन्या टोप्या राहू दिल्या, दारूचा डबा उघडलाच नाही, आणि गोळ्या बसवल्या. हेडीने पट्टी कापली की तू पहिलं काडतूस उलटून बघणार हे त्यांना ठाऊक होतं, तुला त्यांनीच शिकवलं होतं. कॅम्पवर सगळ्यांसमोर कोणीतरी हसलं असतं, म्हातारा खुळावला, पोरीला रिकामी काडतुसं दिली. वायनो हाउटालाला, ज्यांना चर्चमध्ये टाय वाकडा झालेला चालायचा नाही, त्यांना ते हसू चाललं असतं. तिच्या चेहऱ्यापुढे त्यांनी आपली अब्रू ठेवली. मी आज दिवसभर एवढंच घोकते आहे आणि रडते आहे.

तू बरोबर होतास, ते शेवटपर्यंत आपले बाबा होते. मीही बरोबर होते. मला वाटलं होतं आपल्यापैकी एकालाच बरोबर असता येईल.

पण एक गोष्ट तुला सांगायलाच हवी, ती मी फोनवर गिळली. तू डबीच्या तळावर लिहिलेली तारीख वाचून दाखवलीस, अकरा फेब्रुवारी, आणि फोन स्पीकरवर होता. डेन्झिल भांडी पुसत होता. त्याने फडकं खाली ठेवलं, गॅरेजमध्ये गेला आणि आपल्या डबीचं झाकण घेऊन आला. चांगल्या डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिला. मग माझ्या पुढ्यात ठेवलं. बाबांचंच अक्षर, नीट, ठळक: डेन्झिलसाठी. चोवीस मार्च.

मी म्हटलं, हे कसं? ज्या माणसाला फेब्रुवारीत कळतं की आपण आता भरायची नाहीत, तो मार्चमध्ये बाकाशी कसा बसतो? मी रागावले, टाउनो. खरंच रागावले, मेलेल्या बापावर. म्हटलं, नातीसाठी जपायचं आणि जावयाचा डोळा गेला तरी चालेल, असं का?

डेन्झिलने ते झाकण परत हातात घेतलं. तो रागावला नव्हता. त्याने अंगठ्याने त्या अक्षरांवरून हात फिरवला, जणू ओलं आहे की वाळलं ते बघतो आहे.

"तसं नाही, इर्मा," तो म्हणाला. "आपल्याला विसर पडतो, हेच ते मार्चपर्यंत विसरले."

इर्मा